गाळलेले पाणी, तपासलेले पाणी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत माझ्यासारख्या कापडदुकानदारास बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी संयोजन समितीचा ऋणी आहे. समितीने मला ‘समाज आणि व्यापार’ हा विषय सुचविला होता. तो मी विनंती करून बदलून घेतला. व्यापारावर बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ज्या विषयावर मी गेली चौदा वर्षे मनातल्या मनात बोलत आलो, तो विषय आपल्या विहिरीच्या पाण्याचा आहे, आणि त्यात मला एक जुना हिशेबही आपणांपुढे मांडावयाचा आहे.

ही विहीर १९७२ च्या दुष्काळात खोदली गेली हे येथील वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. मी तेव्हा लहान होतो. पाणी लागले त्या दिवशी माझ्या आजोबांनी साखर वाटली होती, एवढे मला आठवते. त्यानंतर तीन वर्षांनी ट्रस्ट स्थापन झाला. पुढे वसतिगृह झाले, धर्मशाळा झाली, भोजनशाळा झाली, मागच्या बाजूस अडतीस कुटुंबांची वसाहत उभी राहिली. आणि या सर्वांस पाणी त्याच विहिरीचे. म्हणजे मंदिर व शिक्षण यांसाठी स्थापन झालेली आपली संस्था नकळत एक पाणीपुरवठा करणारी संस्थाही झाली. नगरपालिकेस जे उत्तरदायित्व असते तेच आपल्या शिरावर आले. फरक इतकाच की नगरपालिकेस त्याची जाणीव असते आणि आपल्यास ती नव्हती.

पाण्याच्या बाबतीत आपल्या समाजास एक सात्त्विक अभिमान आहे आणि तो अस्थानी नाही. पंडित आशाधरजींनी ‘सागारधर्मामृता’त श्रावकाचे जे आठ मूलगुण सांगितले, त्यांत जलगालनाची गणना आहे. गाळण्याचे वस्त्र छत्तीस अंगुळे लांब व चोवीस अंगुळे रुंद असावे, ते दुहेरी करावे, गाळल्यावर वस्त्रावर राहिलेले जीव त्याच जलाशयात हळुवार परत सोडावेत, गाळलेले पाणी दोन घटिकांनंतर पुन्हा गाळावे, हे आपण घरोघरी पाहत आलो. माझी आई जीवाणी परत सोडताना बादली पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत अलगद उतरवीत असे. वरून ओतलेली तिला चालत नसे.

मी कापडवाला असल्यामुळे या वस्त्राकडे माझे लक्ष जरा निराळ्या दृष्टीने जाते. नवे मांजरपाट गिऱ्हाइकाला घट्ट वाटते ते खळीमुळे. दोन धुण्यांत खळ निघून जाते आणि विणीतली भोके उघडी पडतात. मात्र तेच सुती कापड वर्षानुवर्षे धुतले गेले की सुताचे तंतू फुलतात, विणीत पसरतात आणि भोके पुन्हा बारीक होतात. म्हणून गाळण्यासाठी जुने, वापरून मऊ झालेले वस्त्र अधिक चांगले, हे आमच्या दुकानातील जुने मुनीम सांगत. मला ती त्यांची काटकसर वाटे.

पुढे कळले की हाच प्रयोग बांगलादेशातील मतलब भागात शास्त्रीय पद्धतीने झाला आहे. डॉ. रीटा कॉलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ महिलेने तेथील सहकाऱ्यांसह पासष्ट खेड्यांच्या अभ्यासात काही खेड्यांतील स्त्रियांना जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळावयास शिकविले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांच्या अंगाला चिकटून राहतात, आणि जुन्या साडीच्या घडीतील भोके सुमारे वीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग, इतकी बारीक होतात. त्यांतून हे प्राणी जात नाहीत. त्या खेड्यांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. नारूचेही तसेच. ‘नारू’ हा शब्द आज या सभेतील मुलांस ठाऊकही नसेल. पायातून हातभर लांबीचा दोऱ्यासारखा कृमी बाहेर पडत असे. त्याची अळी पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवाच्या पोटात असते आणि तो जीव साध्या दुहेरी कापडावर अडतो. देशात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाला, त्यात पाणी गाळण्यावर भर होता. शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला.

हे सर्व ऐकून आपली मान ताठ होते. माझीही झाली होती. परंतु वर सांगितलेला आकडा व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. ४८ टक्के घटले, म्हणजे ५२ टक्के उरले. जे जंतू कशालाही न चिकटता पाण्यात मोकळे असतात ते मायक्रॉन-दोन मायक्रॉनचे असतात आणि कापडातून सहज जातात. काविळीचा विषाणू तर त्या भोकाच्या कित्येक शेकडो पटींनी लहान. २०१२ साली आपल्या इचलकरंजीत काविळीची केवढी मोठी साथ आली, ते कापडाच्या व्यवसायातील आम्ही मंडळींनी जवळून पाहिले. वस्त्रनगरीत कापडाला काय तोटा होता!

आता तो जुना हिशेब.

२०११ सालचा भाद्रपद. दशलक्षण पर्व संपले, क्षमावणीचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी सर्व समाजाचे भोजन झाले. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. भोजनानंतर तिसऱ्या दिवसापासून उलट्या-जुलाब सुरू झाले. वसतिगृहातील मुले, वसाहतीतील माणसे, बाहेरगावचे पाहुणे मिळून साठाच्या वर माणसे आजारी पडली. माझ्या थोरल्या वहिनी अकरा दिवस रुग्णालयात होत्या. पर्वातील उपवासांनी त्या आधीच क्षीण झालेल्या. चौथ्या दिवशी त्यांचे मूत्रपिंड काम करीनासे झाले, तेव्हा डॉक्टरांनी आम्हां दोघा भावांना बाजूला बोलावून मनाची तयारी ठेवा असे सांगितले. त्या वाचल्या. आज समोर बसल्या आहेत, आणि हे मी येथे सांगावे की नाही याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे.

प्रथम सर्वांनी आचाऱ्याला दोष दिला. मग दह्याला. तालुक्याच्या आरोग्य पथकाने पाण्याचा नमुना नेला. अहवाल आला: पिण्यास अयोग्य, विष्ठेतील जंतू आढळले. विहिरीच्या कठड्याच्या पश्चिम अंगाचा दगड निखळला होता, आणि वसतिगृहाच्या शौचालयाच्या टाकीचे ओसंडलेले पाणी पावसाबरोबर त्या फटीतून आत जात होते. दगड केव्हा निखळला हे कोणासच सांगता आले नाही.

पण पाणी तर आपण रोज शुद्ध करीत होतो! तशी नोंदवही होती. टाकीत टी.सी.एल. पावडर टाकल्याची रोजची नोंद, आणि ओ.टी. चाचणीत क्लोरीन ०.५ आढळल्याचीही रोजची नोंद. त्या रात्री मी ती नोंदवही घरी नेली. मी त्या वेळी ट्रस्टचा खजिनदार होतो. वाणिज्य शाखेचा पदवीधर. चाळीस वर्षांच्या रोजमेळाची चूक दहा मिनिटांत काढीन असा माझा लौकिक. वही उघडली मात्र, मला कळले. संपूर्ण महिना एकाच बैठकीत, एकाच शाईने लिहिलेला. रोज ०.५. मोटार जळून चार दिवस पाणीच चढले नव्हते, त्या चार दिवशीही ०.५. असा रोजमेळ माझ्या दुकानात कोणी पुढे केला असता तर मी त्याला उभेही केले नसते. येथे मात्र मी दर महिन्यास त्याच्याखाली सही करीत होतो.

पाणी सोडणारे आपले गृहस्थ आता हयात नाहीत. त्या दिवसांत त्यांना फार बोलणी खावी लागली, म्हणून त्यांची बाजू येथे छापली जावी अशी माझी इच्छा आहे. ते पावडर प्रामाणिकपणे टाकीत होते. परंतु ती पावडर मी आणली होती. एकदम घेतल्यास भाव कमी पडतो म्हणून पंचवीस किलोच्या सहा गोण्या घेतल्या आणि पत्र्याच्या खोलीत ठेवल्या. दुकानात हा नियम ठीक आहे. लठ्ठ्याचे तागे चौदा महिने पडून राहिले तरी लठ्ठाच राहतात. ही पावडर तशी नव्हे. ताजी असताना तीत क्लोरीन साधारण तेहतीस टक्के असतो. ऊन, दमट हवा आणि उघडे तोंड यांनी तो उडून जातो आणि मागे चुना राहतो. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्यासाठी निकामी समजावी असा नियम आहे. आमच्या गोण्या चौदा महिन्यांच्या होत्या. राहिली ती ओ.टी. चाचणी. तिचे द्रावण संपले म्हणून त्या गृहस्थांनी माझ्याकडे दोनदा चिठ्ठी पाठविली होती. ‘पुढील महिन्यात पाहू’ असा शेरा मारून मी ती खिळ्याला अडकविली. त्या चिठ्ठ्या माझ्याच अक्षरासह मला खिळ्यावर सापडल्या. वही मात्र भरलेलीच असावी असा आम्हा विश्वस्तांचा आग्रह होता. ती त्यांनी भरली.

त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास केला. त्यातील हिशेबाचा भाग सांगतो, कारण तो घरोघरी उपयोगी आहे. एक हजार लिटर पाण्यास पाच ग्रॅम चांगली पावडर हे आपल्याकडील सर्वसाधारण प्रमाण. आपली टाकी पन्नास हजार लिटरची, म्हणजे अडीचशे ग्रॅम. तेहतीस टक्क्यांच्या पावडरीतून दर लिटरला दीड मिलिग्रॅमहून थोडा अधिक क्लोरीन मिळतो. काही पाण्यातील घाणीशी झुंजण्यात खर्च होतो, आणि उरतो तो शिल्लक क्लोरीन. शेवटच्या नळापर्यंत पाण्याची राखण करतो तो हाच. भारतीय मानक १०५०० प्रमाणे तो निदान ०.२ मिलिग्रॅम असावा. आता पावडर दहा टक्क्यांची झाली असेल तर त्याच अडीचशे ग्रॅमांतून अर्धा मिलिग्रॅमच मिळतो. पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात तो वाटेतच संपतो आणि शिल्लक शून्य. खर्च वजा जाता गंगाजळीत काही उरले का, एवढेच ओ.टी. चाचणी पाहते. ती न करता नुसती पावडर टाकणे म्हणजे शिल्लक न पाहता धनादेश फाडणे.

पावडर कोरडी टाकू नये. बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन, वरची निवळ टाकीत ओतावी, आणि निदान अर्धा तास पाणी सोडू नये. चाचणी टाकीपाशी करू नये; सर्वांत दूरच्या नळाला करावी. आपल्याकडे तो वसाहतीतील शेवटच्या घराचा आहे. अलीकडे आपण ओ.टी. सोडून डी.पी.डी.च्या गोळ्या वापरतो, कारण ऑर्थोटोलिडीन हे रसायन हाताळणाऱ्यास घातक मानले जाते. पाणी गुलाबी झाले की समाधान.

याच मानकाप्रमाणे शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतील जंतू एकही आढळता कामा नये. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, फ्लोराइड एकपर्यंत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. उसाच्या पट्ट्यात खतांमुळे नायट्रेटकडे विशेष लक्ष हवे, आणि ते ना गाळून जाते ना उकळून. उलट उकळल्याने पाणी आटते व ते अधिक दाट होते. हे माझ्यासाठी नवे होते.

या सर्वात एक प्रश्न आपल्या मनास टोचतो, आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. २०११ नंतरच्या सभेत एका ज्येष्ठ श्रावकांनी उभे राहून विचारले, “ज्या पाण्यातील जीव आपल्या आज्या परत विहिरीत सोडत होत्या, त्या पाण्यात तुम्ही विष कालविणार काय?” सभा स्तब्ध झाली. मजकडे उत्तर नव्हते. त्यांचा प्रश्न मला आजही खोटा वाटत नाही.

त्यावर वर्षभर चर्चा झाली. शास्त्राचे जाणकार मंडळींनी सांगितले की गृहस्थाने संकल्पी हिंसा सर्वथा टाळावयाची असते. स्वयंपाक, झाडलोट, पाणी तापविणे यांतील आरंभी हिंसा त्यास सर्वस्वी टळत नाही, ती यत्नाने अल्प करावयाची असते. शिवाय ज्या घाणीत हे जंतू वाढतात ती विहिरीत येऊ देणे, हीच मूळ हिंसा. पावडर हा तिच्या मागाहून भरलेला दंड. अखेर मार्ग असा निघाला. मंदिरामागील लहान जुन्या आडात पावडर कधीही टाकावयाची नाही. अभिषेकाचे व त्यागी मंडळींच्या आहाराच्या चौक्याचे पाणी त्याच आडातून शेंदावे, गाळावे, जीवाणी परत सोडावी आणि पाणी खळखळून उकळावे. उकळी आली की रोगजंतू उरत नाहीत, हे आपली परंपरा व आजचे वैद्यक दोन्ही मान्य करतात. मोठ्या विहिरीचे पाणी प्रथम जाळीतून व कापडातून गाळून टाकीत घ्यावे, आणि पावडर टाकीतच पडावी, विहिरीत नाही. प्रश्न विचारणारे ते श्रावक पुढे तीन वर्षे स्वतः रोज सकाळी गाळण्याचे वस्त्र बदलावयास येत. टाकीकडे मात्र ते पाहत नसत.

जाता जाता आमच्या धंद्यातील एक गंमत सांगतो. ही पावडर मुळात पाण्याकरिता जन्मली नाही. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ साली तिचे पेटंट घेतले ते कापड पांढरे करण्यासाठी. शंभराहून अधिक वर्षांनी, १९०८ साली, अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाण्यात ती नियमाने पडू लागली, तेव्हा तेथेही प्रकरण न्यायालयात गेले होते. म्हणजे पाण्यात विष कालविता काय, हे विचारणारे आपले श्रावक एकटे नव्हते.

आता अनुपालनाविषयी. ग्रामपंचायतींच्या सार्वजनिक स्रोतांची आपल्या राज्यात वर्षातून दोनदा स्वच्छता पाहणी होते आणि जोखमीप्रमाणे लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. २०११ च्या घटनेनंतर आम्ही विचारणा केली, तेव्हा समजले की आपली विहीर कोणत्याच यादीत नव्हती. खाजगी म्हणून ग्रामपंचायत येत नव्हती, आणि संस्थेची म्हणून घरमालक पाहत नव्हता. शे-दीडशे उंबऱ्यांना पाणी देणाऱ्या अशा विहिरी, वसाहतींच्या विंधनविहिरी, आश्रमशाळांच्या टाक्या गावोगावी आहेत. त्यांना लाल कार्ड देणाराही कोणी नसतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जी.बी.एस. या मज्जातंतूंच्या विकाराची साथ आली, तेव्हा संशयाची सुई पाण्याकडेच वळली, आणि शहराच्या कडेला असलेल्या जुन्या विहिरीची चर्चा राज्यभर झाली. ते वाचताना मला आपला निखळलेला दगड आठवत होता.

म्हणून आपण स्वतःहून यादीत शिरलो. पावसाळ्याच्या आधी व नंतर रासायनिक तपासणी आणि दर महिन्यास जंतूंची तपासणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत करून घेतो. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेचीच घ्यावी. तीत क्लोरीन मारणारे द्रव्य आधीच घातलेले असते, ती विसळू नये. बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी पोहोचवावी. भोजनशाळेस अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, तेव्हा हेच अहवाल कामास येतात. खर्चाचे विचाराल तर एखाद्या विवाहातील व्यासपीठाच्या फुलांत आपल्या विहिरीचे वर्षभराचे पाणी तपासून होते. (हे कोणास उद्देशून नाही, मागील वर्षी माझ्याच घरी विवाह होता.)

२०१९ च्या महापुरात विहीर तीन दिवस पुराच्या पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर उपसा केला, गाळ काढला, मोठी मात्रा देऊन रात्रभर ठेवली, पुन्हा उपसली, आणि दोन अहवाल लागोपाठ चांगले येईपर्यंत दहा दिवस टँकर चालविला. टँकरचे पाणीही प्रथम तपासले. पहिल्याच टँकरात क्लोरीन शून्य निघाला आणि तो परत पाठवावा लागला. त्या वेळी काही मंडळी मजवर रागावली होती.

नोंदवही आता कपाटात नसते, भोजनशाळेच्या दारात टांगलेली असते. रोजची चाचणी महिला मंडळाच्या भगिनी व वसतिगृहातील दहावीची मुले पाळीपाळीने करतात आणि करणारा आपले नाव लिहितो. गेल्या श्रावणात दोन दिवस ‘शून्य’ असे लिहिले गेले. एक नववीतला मुलगा घाबरत माझ्याकडे आला, शून्य लिहू की खोडू, असे विचारीत. मी त्याला दुकानातील लाल शाईचा पेन दिला आणि शून्य ठळक करून घेतले. मग वर जाऊन पाहिले तर टाकीत पाणी चढवण्याच्या घाईत मात्रा राहूनच गेली होती.

या महिन्याचा नमुना येत्या सोमवारी जावयाचा आहे. शेवटच्या नळाची तोटी ज्योतीने तापवून नमुना कसा घ्यावयाचा हे ज्यांना पाहावयाचे असेल, त्यांनी सकाळी सात वाजता वसाहतीत यावे. बर्फ मी आणतो. परत येताना वाहनात दोन जागा रिकाम्या आहेत.

जय जिनेंद्र.